नानांची मच्छरदाणी

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी पिंपाचं झाकण उचलत. माणसांची विचारपूस नंतर. बेलपाड्यात मी त्यांच्या चाळीत भाड्याने राहायला गेलो, त्या पहिल्याच सकाळी मी पुस्तकांची खोकी सोडत होतो आणि हे घरमालक थेट मोरीत जाऊन पिंपात वाकले.

"ढवळू नका, बगू द्या."

मग त्यांनी खिशातून पाण्याने भरलेली पिशवी काढली आणि दोन गप्पी मासे पिंपात सोडले. "लेकी देतोय तुमाला. उपाशी ठेवा."

डासांच्या अळ्या खाणारे हे मासे नानांनी गावात घरोघरी दिले होते. लेकी कशा नांदतात ते बघायला त्यांची फेरी असे. शेजारच्या यमुनाबाई मायेने भाकरी कुस्करून घालत. त्यांचे मासे गलेलठ्ठ झाले आणि अळ्या सुखाने पोहू लागल्या.

"यमे, माजी पोर आळशी केलीस तू!"

"मंग दुसरी द्या. ही आता माजी लाडकी झालीय."

नानांची भातशेती नव्या शहराच्या सेक्टरांखाली गेली होती. बायको वारली होती. मुलगा कामोठ्याला फ्लॅटमध्ये राहत होता, आणि सोसायटीच्या टाकीत मासे सोडल्यापासून तिथला वॉचमन नानांना गच्चीवर जाऊ देत नसे. आता नानाही नाहीत, म्हणून हे सावकाश आठवून लिहितो आहे.

एका पावसाळ्यात समोरच्या टॉवरवर काम करणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या वस्तीत हिवताप निघाला. मुनिया नावाच्या मजूर बाईला हुडहुडी भरून ताप येऊ लागला. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून गोळ्या मिळाल्या. इकडे गाव देवळापाशी जमलं. वस्तीतली माणसं गावच्या नळावर पाणी भरत, तो नळ त्यांना बंद करायचं चाललं होतं.

"ताप त्यांनीच आनला, नाना."

"ताप परका आसंल. डास तर आपलाच हाय ना? लगीन लागलं आपल्याच पान्यात." लोक हसले. नाना हसले नाहीत. "नळ बंद केलात का ती पिपं भरून ठेवनार. तितं आळ्या व्हनार. मंग डास काय तुमची वेस विचारून थांबनार हाय?"

नळ बंद झालाच. दुसऱ्या दिवशी नानांनी घरच्या नळाला पाइप लावून तो रस्त्यापलीकडे वस्तीत सोडला. मुनियाला आणि तिच्या नवऱ्याला घरी आणलं आणि तिला आतल्या खोलीत, स्वतःच्या बायकोच्या पलंगावर, तिच्याच मच्छरदाणीत झोपवलं. त्या खोलीत आम्ही कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

यमुनाबाई दारातूनच म्हणाल्या, "पावनीला डास चावू नये म्हनून एवडा थाट?"

"तिला नाय, डासाला वाचवतोय. तो हिला चावला का हिचा ताप घेऊन तुज्याकडंच येल."

संध्याकाळी यमुनाबाई पेज घेऊन आल्या.

ताप उतरताच मुनियाने गोळ्या बाजूला सारल्या. मग नाना समोर बसून, ती गिळेपर्यंत हलत नसत. एका दुपारी मी वर्तमानपत्र द्यायला गेलो. तिचा नवरा कामावर होता. नाना उंबऱ्याबाहेर खुर्चीत, तिच्याकडे पाठ करून बसले होते आणि सांगत होते. बाजारात आज कोलंबी बरी नव्हती. देवळाला निळा रंग दिलाय, तो काय शोभत नाय. पोराचा फोन आला नाय. मुनियाला मराठी कळत नव्हती. जाळीतून ती मधूनमधून "हं" म्हणे. प्रत्येक "हं"नंतर नाना जरा थांबत, मग पुढचं सांगत.

गोळ्या संपल्या. पुन्हा रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं. गावाने नळही मुकाट्याने उघडून दिला. मुनिया वस्तीत परत जायला निघाली, तेव्हा नाना दारात उभे होते.

"आजून आशक्त हाय तू," ते हळूच म्हणाले. "ऱ्हा ना चार दिस."

मुनिया त्यांच्या पाया पडली, "हं" म्हणाली, आणि गाठोडं उचलून नवऱ्यामागोमाग रस्ता ओलांडून गेली.