मगदूमअण्णांचा तेरावा अंक

मगदूमअण्णांकडं कॉमिक वाचायचं म्हणजे पान अण्णा उलटणार आणि आपण नुसतं ‘हं’ म्हणायचं. पुस्तक अण्णांच्या मांडीवर, त्याखाली धुतलेला टॉवेल, आणि आपण शेजारी मान वाकडी करून बसलेलो. आपलं पान वाचून झालं की ‘हं’. मग अण्णा दोन बोटांत पानाचा वरचा कोपरा धरून, नवजात बाळाची कूस बदलावी तसं पान उलटायचे. ‘हं’ जरा लवकर आला की त्यांना संशय यायचा. मधल्या चौकटीतला घोडा कुठल्या रंगाचा होता, असं विचारायचे. सांगता आलं नाही की ते पान पुन्हा वरपासून. उशीर झाला तर म्हणायचे, “पाठ करालायस व्हय?”

हातांचं वेगळं शास्त्र होतं. हात साबणानं धुवायचे, पुसायचे आणि वर पंख्याखाली धरून दोन मिनिटं उभं राहायचं. घरात आलेला कुणीही याला अपवाद नव्हता. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा पंख्याखाली हात वर करून उभा असलेला मी पाहिलाय. त्याला कॉमिक वाचायचंच नव्हतं. तो बिचारा कपाटाजवळून गेला होता, एवढंच.

शाहूपुरीत अण्णांचं रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. शेजारी माझ्या वडिलांचा टायपिंगचा क्लास. अण्णा मूळचे कुरुंदवाडचे, शेतकरी जैन घरातले. भाऊ शेती बघायचे आणि अण्णा तरुणपणीच शिक्के करायला म्हणून कोल्हापुरात आले ते इथलेच झाले. दुकानाच्या वर दोन खोल्या. एकीत अण्णा राहायचे, दुसरीत कॉमिकं राहायची. दुसऱ्या खोलीला हवा जास्त चांगली होती.

आयुष्यभर अक्षरं उलटी कोरल्यामुळं असेल, पण छापील गोष्टीवर त्यांची फार श्रद्धा. “छापलेलं हाय ते, गंमत न्हवं,” हे त्यांचं कायमचं वाक्य. ओळखीतल्या एका लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त चुकून सकाळी अकराऐवजी संध्याकाळी सहाचा छापला गेला. सगळ्या गावाला चूक कळली, निरोप गेले, अण्णांनाही गेला. तरी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून संध्याकाळी सहालाच गेले. मांडववाले बांबू सोडत होते. नवरीच्या बापानं हात जोडले, तर अण्णांनी त्यालाच पत्रिका दाखवली. आहेर मात्र देऊन आले.

स्वतःचं लग्न झालं नाही. एकदा जवळपास झालं होतं. मुलीचे वडील जयसिंगपूरहून बघायला आले. अण्णांनी त्यांना पंख्याखाली उभं केलं, मग मांडीवर टॉवेल घेऊन आपला सगळ्यात आवडता अंक काढला. पाहुण्यांनी सभ्यपणे चाळीस पानं ‘हं’ म्हटलं. मग एसटीची वेळ झाली म्हणून उठले ते पुन्हा आले नाहीत. अण्णांना त्यात मुलीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटलं. “चारच पानं राह्यली हुती की,” ते म्हणायचे. “शेवट कळलाच न्हाय त्यास्नी.”

नव्वदीच्या दशकात घरोघरी केबल आली आणि गल्लीतल्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्या एकेक करून बंद पडायला लागल्या. लोक हळहळत होते तेव्हा अण्णा पोती घेऊन फिरत होते. जयसिंगपुरातल्या एका लायब्ररीवाल्यानं दुकान आवरून तिथं कॅसेटी भाड्यानं द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याची सगळी कॉमिकं अण्णांनी उचलली. येताना एसटीत कंडक्टरनं पोतं टपावर टाकायला सांगितलं. अण्णांनी पोत्याचं पूर्ण तिकीट काढलं, त्याला खिडकीजवळ बसवलं आणि शेजारच्या सीटवर एका म्हाताऱ्या बाईंना जागा देऊन स्वतः कोल्हापूरपर्यंत उभे राहिले. बाईंनी पोत्यात काय आहे विचारलं. अण्णांनी “पुस्तकं” एवढंच सांगितलं, आणि वाटेत बाई पोत्याला टेकून झोपू नयेत म्हणून त्यांच्याशी सारखं बोलत राहिले.

या सगळ्यात त्यांचा जीव होता तो ‘वज्रकेतू’ नावाच्या एका मालिकेवर. कुठल्याशा छोट्या छापखान्यानं काढलेली, रंग रेषेबाहेर गेलेले, राजपुत्राच्या हाताला कधी पाच बोटं तर कधी सहा. चोवीस अंक. त्यातले तेवीस अण्णांकडं होते. तेरावा नव्हता. तो कुणाकडंच नव्हता. जाणकार म्हणायचे, तो निघालाच नसावा. अण्णा लगेच बाराव्या अंकाची पाठ दाखवायचे. तिथं ‘पुढील अंकी – काळ्या विहिरीचे रहस्य’ असं होतं. “छापलेलं हाय,” अण्णा म्हणायचे. विषय संपला.

दोन हजार सालानंतर टायपिंग शिकायला कुणी येईना. वडिलांची मशिनं विकून मी तिथं चार कॉम्प्युटर टाकले आणि नेट कॅफे सुरू केला. अण्णा वर्षभर आत आले नाहीत. पडद्यावरचं काय वाचायचं, हात लावला तर बोटाला शाई लागत न्हाय, असं त्यांचं मत.

मग पुण्याचा निखिल उपटला. म्हणजे प्रत्यक्ष नाही, नेटवर. हा पंचविशीतला मुलगा, जुन्या कॉमिकांचा ब्लॉग लिहायचा, आणि त्याचा नेटवर एक ग्रुप होता. हजारो पोरं त्याच्या मागं. त्यानं एखाद्या अंकाचा फोटो टाकून ‘रेअर’ असं लिहिलं की महाराष्ट्रभरची पोरं तो अंक शोधायला बाहेर पडायची. आजवर ज्यांनी कॉमिकला हात लावला नव्हता तीसुद्धा.

त्याचा पहिला फटका अण्णांना लक्ष्मीपुरीत बसला. तिथल्या रद्दीवाल्याकडं ते वीस वर्षं जायचे. तो त्यांच्यासाठी कॉमिकं बाजूला काढून ठेवायचा आणि वजनावर द्यायचा. एका सकाळी त्यानं काटा काढलाच नाही. म्हणाला, अण्णा, हे आता रेअर हाय. अण्णांनी चाळून बघितलं तर गठ्ठ्यात दोन कॉमिकं, एक दहावीचं भूगोलाचं गाईड आणि मागच्या वर्षीचं पंचांग होतं. रद्दीवाला सगळ्यालाच रेअर म्हणत होता.

अण्णा तडक माझ्याकडं आले. हात धुऊन. “कोण ह्यो पुण्याचा? दाखव मला.”

मी त्यांना तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसवलं. त्यांनी निखिलचं पहिलं पान वाचलं आणि सवयीनं ‘हं’ म्हणाले. मी पान सरकवलं. तासाभरात त्यांनी त्याच्या अकरा चुका काढल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आठवड्यात एका बोटानं टाइप करायला शिकले. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, आणि एक ओळ झाली की रुमालानं की-बोर्ड पुसायचे. खातं उघडायचं तेवढं मीच शिकवलं. त्यावर ते काय लिहितात ते मी विचारलं नाही.

महिन्याभरानं त्या ग्रुपवर एकच गडबड उडाली. ‘पंचगंगेचा साक्षीदार’ नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं की कोल्हापुरात शाहूपुरीत मगदूम म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडं वज्रकेतूचा पूर्ण संच आहे. तेराव्यासकट.

पुढच्याच रविवारी बेळगावची दोन पोरं आली. त्याच्या पुढच्या रविवारी सांगलीची चार. मग सोलापूर, पुणे. जिन्यावर चपलांची रांग. अण्णा गॅलरीतून ओरडायचे, ही काय धर्मशाळा हाय का, रविवारी माणसानं झोपायचं न्हाय व्हय. पण मीच त्यांच्याबरोबर जाऊन एक डझन कप आणि एक लांब बाक आणला होता. पंख्याखाली एका वेळी सहा पोरं हात वर करून उभी राहायची. मग बाकावर ओळीनं बसायची आणि सहा जणांचा ‘हं’ एकदम आल्याशिवाय पान उलटलं जायचं नाही. मागं राहिलेल्याला बाकीचे कोपरानं ढोसायचे. तेराव्याचा विषय निघाला की अण्णा म्हणायचे, तो दमानं, पयलं बारा तरी वाचा की. बारा वाचेपर्यंत परतीची गाडी यायची.

अण्णा त्या दिवसांत फार छान दिसायचे. दुकानात शिक्का कोरताना शीळ घालायचे.

एका संध्याकाळी ते घाईत उठून गेले आणि तीन नंबरचा कॉम्प्युटर तसाच उघडा राहिला. बंद करायला म्हणून मी गेलो तर पडद्यावर नाव होतं, पंचगंगेचा साक्षीदार. मी ते बंद केलं आणि कुणाला काही बोललो नाही.

शेवटी निखिल स्वतः आला. कॅमेरा, तीन मित्र, अण्णांसाठी पिवळ्या कागदात गुंडाळलेली बाकरवडी. मुलगा चांगला होता. सांगितल्याबरोबर हात धुतले, वर धरले, तक्रार नाही. अण्णांनी त्याला जेवू घातलं. जेवण झाल्यावर त्यानं कॅमेरा लावला आणि आता तेरावा बघू या, असं म्हणाला.

अण्णांनी मांडीवरच्या टॉवेलची घडी केली. उलगडली. पुन्हा केली.

“न्हाय माझ्याकडं,” ते म्हणाले. “कधीच न्हवता.”

निखिलनं विचारलं, चिडून नाही, खरंच कोड्यात पडून, की मग ते ग्रुपवर कुणी लिहिलं. अण्णांनी मान खाली घातली. बावन्न वर्षांचा माणूस, शाळेत उभं केल्यासारखा दिसत होता.

“मी लिहिलं,” मी म्हणालो. “कॅफेत गिऱ्हाईक येईल म्हणून. अण्णांना माहीत नव्हतं.”

निखिलनं माझ्याकडं बघितलं तसं मला आयुष्यात कुणी बघितलेलं नाही. पण त्यानं अण्णांची माफी मागितली, वाकून नमस्कार केला आणि गेला. ब्लॉगवर त्यानं खरं ते लिहिलं. माणूस भला, संग्रह सुंदर, तेरावा अंक ही कोल्हापुरातल्या एका कॅफेवाल्यानं उठवलेली अफवा.

ते गेल्यावर अण्णा बराच वेळ कप धुवत होते. मग पाठमोरेच म्हणाले, “दर आयतवारी कोण ना कोण जिना चढत हुतं. बरं वाटत हुतं, संजू.”

मी कप पुसले.

त्यानंतर येणाऱ्या रविवारी दोघं आले. त्याच्या पुढच्या रविवारी कुणी नाही. काही महिन्यांत निखिलचं मन जुन्या घड्याळांवर गेलं आणि सगळी पोरं घड्याळं शोधायला लागली. लक्ष्मीपुरीतला रद्दीवाला पुन्हा वजनावर आला. अण्णा मात्र रविवारी सकाळी दाढी करून, बाक पुसून, गॅलरीत उभे असायचे. विचारलं तर म्हणायचे, आता निवांत झोपता येतंय बघ. साडेआठ वाजलेले असायचे आणि त्यांच्या शर्टाला इस्त्री असायची.

हे तीनचार रविवार बघितलं आणि मी एक उद्योग केला. काउंटरवरच्या माझ्या कॉम्प्युटरवर एक खातं उघडलं. अकोल्याचा सुहास. वय वर्षं वीस. ग्रुपवर मगदूम यांच्या नावानं विचारलं की लहानपणी आजोळी वज्रकेतूचा एक अंक वाचला होता, त्यात राजपुत्राला सहा बोटं का होती.

दुसऱ्या दिवशी अण्णा तीन नंबरवर बसले. आता स्वतःच्या नावानं लिहीत होते. माझ्यापासून पाच फुटांवर, एका बोटानं, दीड तास. चित्रकार कोण, छापखाना कुठला, सहावं बोट कुठल्या अंकात येतं आणि कुठल्यात जातं. उठताना त्यांनी की-बोर्ड पुसला आणि मला म्हणाले की अकोल्याला एक पोरगं हाय, लई चिकित्सक.

मग हे सुरूच झालं. सुहास आठवड्याला एक प्रश्न विचारायचा. अण्णा रोज थोडं थोडं उत्तर लिहायचे. प्रश्न विचारता यावेत म्हणून मला रात्री तेवीसच्या तेवीस अंकांची माहिती आठवून ठेवावी लागायची. कधी मी कामात असलो आणि प्रश्न उशिरा गेला, तर अण्णा काळजी करायचे. पोरगं आजारी तर न्हाय ना पडलं, परीक्षा असंल, असं मलाच सांगायचे. सुहासच्या अभ्यासाची, जेवणाची चौकशी उत्तराच्या शेवटी असायची. एकदा त्यांनी त्याला थंडीत स्वेटर घालायला सांगितलं. ते वाचताना मला उगीचच ऊब वाटली.

पावसाळा संपत आला होता, रविवारच होता. कॅफेत आम्ही दोघंच. अण्णा तीन नंबरवर पाठ करून बसलेले. मी सुहासच्या नावानं, परवा आजोळी गेलतो तेव्हा आठवलं असं म्हणत, सतराव्या अंकाबद्दल काहीतरी विचारून पाठवलं आणि वीज बिल चाळत बसलो. पलीकडून एका बोटाची टकटक ऐकू येत होती. आज फार वेळ लागला नाही. टकटक थांबली, रुमाल फिरला.

अण्णांनी मागं वळून बघितलं नाही. माझ्या पडद्यावर उत्तर आलं होतं.

“अकोल्याचं पोरगं ‘गेलतो’ असं लिवत न्हाय. चहा टाकतो, वर ये.”