आठवणीवरचं गोदाम

"काकू, गोदाम असं आठवणीवर चालत नाही," नवे साहेब म्हणाले.

काकूंना हसू आलं. पंपांच्या सुट्या भागांचं ते गोदाम गेली सव्वीस वर्षं त्यांच्या आठवणीवरच तर चाललं होतं. कुठला वॉशर कुठल्या खणात, हे त्या डोळे मिटून सांगत. एकदा कानावर पडलेलं त्यांना विसरताच येत नसे. नवऱ्याला याचा फार त्रास होई.

"तुमच्या डोक्यातलं सगळं आता विकीवर टाकायचं."

"म्हणजे? गोदाम विकायला काढलं?"

"विकी हो, काकू! कॉम्प्युटरवरची वही. कुणीही उघडावी, कुणीही वाचावी. ती भरली की महिनाअखेरीस तुम्ही घरी आराम करा!"

घरी आराम म्हणजे काय, हे कळायला काकूंना विकी लागत नव्हती. निवृत्त नवरा घरी दिवसभर आरामच करत होता आणि तो बघण्यात काकूंचा एक रविवारसुद्धा सरता सरत नसे.

विकी बसवायला एक विकीवाला आला. साहेबांनी मोठ्या मनाने अडगळीतला कॉम्प्युटर काढून दिला, म्हणून त्याने त्यावर लिनक्स या फुकट प्रणालीची सगळ्यात हलकी जात चढवली. ती इतकी हलकी निघाली की तिच्यात काहीच नव्हतं. विकी म्हणाली, आधी डेटाबेस आणा. डेटाबेस आला, तर सर्व्हर रुसला. त्याची समजूत काढली, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. चार दिवस तो काळ्या पडद्याशी भांडत बसला. पाचव्या दिवशी एकदाचं पान उघडलं आणि अभिनंदन साहेबांनी स्वीकारलं.

मग तीन आठवडे काकू सांगत होत्या आणि विकीवाला कळफलक बडवत होता. शेवटच्या शनिवारी तो आळस देत स्वतःशीच पुटपुटला, "सगळं अजून मेमरीतच आहे. डिस्कवर उतरवायची आज्ञा सोमवारी देऊ."

तो गेला. काकूंनी डबा आवरला, एरवी चालूच राहणाऱ्या कॉम्प्युटरसकट सगळी बटणं बंद केली आणि गोदामाला कुलूप लावलं.

सोमवारी खुद्द मालक विकी बघायला आले. पडद्यावर फक्त एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

"ते... मेमरीत होतं," विकीवाला चाचरला. "बंद केलं की जातं."

"म्हणजे हा कॉम्प्युटरसुद्धा आठवणीवरच चालत होता?" मालकांनी विचारलं.

साहेब भडकले. "बंद केला कुणी?"

"मी," काकू म्हणाल्या. "परिपत्रक क्रमांक चौदा. 'शनिवारी जाताना गोदामातील प्रत्येक बटण बंद करावे. कोणतीही सबब चालणार नाही.' खाली तुमचीच सही आहे."

मालक साहेबांकडे वळले. साहेबांनी घाम पुसला.

"बरं, काकू, पुन्हा सगळं सांगायला किती दिवस लागतील?" त्यांनी नरमून विचारलं.

"मागच्या खेपेला तीन आठवडे लागले. पण नुसतं आठवणीवर चालत नाही, असं तुम्हीच म्हणालात. आता एकेक खण उघडायचा, बघायचं, खात्री करायची, मगच सांगायचं." काकूंनी कपाटांच्या रांगांवरून सावकाश नजर फिरवली. "दोन वर्षं तरी धरा."