राणीच्या गैरहजेरीचा दाखला

प्रमुखाशिवाय कोणतीही संस्था टिकत नाही, हे सर्वमान्य तत्त्व आहे. (आमचं मधमाशी कार्यालय चौदा महिने साहेबांशिवाय टिकून आहे, पण ती बाब वेगळी.)

मधपाळ मावशींचं प्रकरण आमच्याकडे आलं तेव्हा त्यांच्या सात नंबरच्या पेटीतली राणीमाशी मेली होती. राणी नाही म्हणजे नवी पिलावळ नाही, आणि दीड-दोन महिन्यांत आठेक हजार माश्यांची पेटी ओस. उपाय एकच: त्या माश्या राणी असलेल्या तीन नंबरच्या पेटीत मिसळायच्या. पण नोंदवहीत दोन पेट्या असताना जागेवर एकच निघाली, तर नोंदवहीने तोंड कुठे लपवायचं? म्हणून परवानगी लागते.

कागदपत्रं अगदी मोजकी. पेटीचा नोंदणी दाखला, तीन नंबरच्या राणीची ना हरकत, आणि सात नंबरच्या राणीने स्वतः सही करून दिलेला गैरहजेरीचा अर्ज. शिवाय आम्ही तिघांची पाहणी समिती पाठवली. एकाने कुंपणाबाहेरून पाहिलं, दुसऱ्याने गाडीतून, तिसऱ्याने या दोघांना विचारलं. समितीच्या अहवालानुसार ६७ टक्के माश्या कामावर हजर होत्या (उरलेल्या ३३ टक्के समितीच्या मागे लागल्या होत्या).

मावशी दर सोमवारी यायच्या. तिसऱ्या सोमवारी माझ्या टेबलाशी बसून शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, राणी नसली की थोड्या दिवसांनी कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात. त्यातून नुसते नर निघतात. खातात आणि बसून राहतात. मग पेटी काही वाचत नाही."

एवढं बोलून त्यांनी साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग आम्हा सहाजणांकडे. आम्ही सहाहीजण त्या वेळी साहेबांच्या वतीने सह्या करत होतो. माहिती उपयुक्त वाटली, म्हणून मी ती फाइलला लावली आणि त्यांच्या हाती चार पानी नकार दिला.

मावशींनी तो वाचलाही नाही. संध्याकाळी तीन नंबरच्या पेटीचं झाकण काढून त्यावर ती पानं पसरली, टाचणीने भोकं पाडली आणि वर सात नंबरची पेटी ठेवली. एकदम एकत्र केल्या तर माश्या एकमेकींच्या जिवावर उठतात. मध्ये कागद असला की दोन्हीकडून कुरतडत येतात, आणि कागद संपेपर्यंत दोघींचा वास एक झालेला असतो.

चौथ्या दिवशी मी कारवाईसाठी गेलो. पेटीच्या दारात कागदाचा भुगा पडला होता, एका कपट्यावर माझी सही. आत माश्या गुण्यागोविंदाने नांदत होत्या. खरं सांगतो, मला भरून आलं. बावीस वर्षांच्या नोकरीत माझं पत्र प्रथमच कुणीतरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत संपवलं होतं.

कारवाई राहिली. पण पद्धत मनात भरली. सह्यांना सहाजण अपुरे पडू लागले आहेत, आणि बाहेरच्या माणसाला एकदम आत घ्यावं तर तो अंगावर येतो. म्हणून तुमच्या-आमच्या मध्ये हा कागद ठेवला. तुम्ही तो संपवलात, आणि मध्येमध्ये हसलातसुद्धा.

या, बसा. इथे, साहेबांच्या वतीने.