मी तुझ्या निर्णयाचा आदर करतो!

मंडळी, तुम्ही दिवसभर बडबडता, पण तुम्हाला बोलता येत नाही! रागावू नका, मलाही येत नव्हतं. दिंद्रुडात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. एका कंपनीनं आम्हा दुकानदारांना हॉटेलात नेऊन 'प्रभावी संवाद' शिकवला. पनीर खाऊ घातलं, टोपी दिली आणि नियम दिले. समोरच्याचं बोलणं तोडू नका. ते त्याला परत बोलून दाखवा. त्याच्या निर्णयाचा आदर करा. मी घरी आलो तो टोपी घालूनच.

टोपी बघायला घरी कुणी नव्हतं. बायको, राजनंदिनी, पंचमीला माहेरी चकलांब्याला गेली होती. आता, आमच्याकडे माहेरी गेलेल्या बाईला नवऱ्यानं आणायला जायचं असतं. ती आपण होऊन येत नाही आणि 'न्यायला या' असंही म्हणत नाही. दरवर्षी मी फोन करायचो, ती 'राहते की अजून' म्हणायची, मी 'गप बॅग भर!' म्हणून ओरडायचो आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभा. किती मागासलेला संवाद!

यंदा मी शांतपणे विचारलं, "कधी यायचा विचार आहे?"

"राहते की अजून. तुमाला काय, दुकान हाय."

"म्हणजे तुला अजून राहायचं आहे आणि मला दुकान आहे."

"...हां."

"मी तुझ्या निर्णयाचा आदर करतो!"

पलीकडे शांतता. शांतता म्हणजे समोरचा विचार करतोय, असं कंपनीच्या सरांनी शिकवलं होतं. मी खुशीत फोन ठेवला.

आठवडा गेला, दुसरा लागला. आदर चालूच होता. घर मात्र खायला उठलं. दुकानातून आल्यावर 'आधी पाय धुवा' असं कुणी म्हणत नव्हतं, तरी मी धूत होतो.

मग सासऱ्यांचा, अर्जुनरावांचा फोन आला. "शिवशंकरराव, पोरगी धड जेवंना. कावून वो? भांडण झालं का काय?"

"म्हणजे मामा, ती जेवत नाही आणि आमचं भांडण झालंय."

"झालंय?"

बोलणं तोडायचं नाही. मी ऐकत राहिलो.

"आरं देवा! नांदवायची न्हाई का तिला?"

"तुम्हाला वाटतंय, मला तिला नांदवायची नाही."

फोन धाडकन बंद! इतका थोडक्यात आटोपलेला संवाद मी जन्मात केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढं जीप थांबली. सासरे, डोळे पुसणाऱ्या सासूबाई, चकलांब्याचे आप्पाराव नावाचे मानकरी आणि मागं डोक्यावर पदर घेतलेली राजनंदिनी! गिऱ्हाइकं खत विसरून पोत्यांवर बैठक मारून बसली.

आप्पारावांनी घसा खाकरला. "पोरीचं काय चुकलं, सांगा."

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की..."

"त्यांचं म्हणणं ऱ्हाऊ द्या!" राजनंदिनी खाली उतरली. तिचे डोळे सुजले होते. "न्यायला कावून न्हाई आलात? गाडीचा आवाज झाला की मी दारात जायची. तुमी म्हणं आदर करता! काय चाटायचाय तुमचा आदर?"

मला एकही नियम आठवेना. "आदर गेला खड्ड्यात!" मी ओरडलो. "लई आठवण येती तुझी! करमंना मला! चल घरी!"

भर बाजारात, मंडळी! पोत्यावरच्या एकानं टाळ्या वाजवल्या. सासूबाई रडता रडता हसल्या. झालं एकदाचं, म्हणून मी तिची बॅग घ्यायला जीपपाशी गेलो.

"बॅग चकलांब्याला हाय," राजनंदिनी म्हणाली. "आन् अशी बापासंगं जीपात बसून येईन व्हय मी? न्यायला या!"

लग्नानंतर पहिल्यांदा तिनं हे तोंडानं सांगितलं आणि परत जीपमध्ये जाऊन बसली. पुढं जीप, मागं माझी मोटारसायकल, दुकान बंद. चकलांब्यात चहा झाला, ओटी भरली, बॅग आली आणि ती माझ्या मागं बसली.

गेवराई ओलांडल्यावर मी विचारलं, "भूक लागली का?"

"न्हाई. मला काही नको."

"म्हणजे तुला..." एवढं तोंडून निघालं होतं. पण मी गप बसलो, गाडी थांबवली आणि दोन प्लेट भजी सांगितली.

दोन्ही तिनंच खाल्ली. मला पण हवीत, हे मी काही बोललो नाही. म्हटलं, ती ओळखेल!