शिट्टी वाजेपर्यंत

मर्ल कुबिचेकनं शिट्टी दातात धरून जोरात फुंकली, तेव्हा तिच्यातून फक्त फुस्स असा आवाज आला. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा. ज्या पाच पोरांसाठी ती फुंकली होती, त्यांच्या कानापर्यंतही तो पोचला नाही.

पाचही पोरं त्या वेळी हेल्मेट घातलेली डोकी खाली घालून लोखंडी गाडा ढकलत होती. गाड्याला चाकं नव्हती. खाली घसरायच्या दोन पट्ट्या, पोरांच्या बाजूला खांदे लावायला पाच जाड गाद्या आणि पलीकडे कोचनं उभं राहायची फळी. फळीवर वजन म्हणून कोच स्वतः चढायचा. मर्ल एकशे अठरा किलोचा होता, आणि या बाबतीत तरी त्याच्या पात्रतेबद्दल गावात दुमत नव्हतं.

बाकी सगळ्याबद्दल होतं. गेल्या मोसमात डेल्बर्ग हायस्कूलचा अमेरिकन फुटबॉलचा संघ नऊ सामने खेळला आणि नऊही हरला. नवव्यात तर कुणीतरी प्रेक्षकांतून नुसतं “थांबा” म्हणून ओरडलं, आणि डेल्बर्गची आख्खी पुढची फळी थांबली. नेब्रास्कातली चांगल्या घरची पोरं, मोठ्या माणसानं थांब म्हटलं की थांबायची. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन त्यांच्यामधून “थँक यू” म्हणत पलीकडे गेला.

त्यानंतर शाळेच्या बोर्डाच्या अध्यक्षा मिसेस ऑट्टे यांनी मर्लला बोलावून शांतपणे सांगितलं होतं, की ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी चार वाजता त्या सराव बघायला येतील. पोरं काही ढकलताना दिसली तर ठीक. नाहीतर संघ दुसऱ्याच्या हातात जाईल आणि मर्लनं निवृत्तीपर्यंत फक्त ड्रायव्हिंग शिकवावं. ड्रायव्हिंग तो सकाळी शिकवतच होता. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, हीच त्याच्या आयुष्यातली मोठी सोय.

आज तिसरा गुरुवार होता. चारला वीस मिनिटं कमी होती. मर्लनं पोरांना अंग गरम करायला गाड्याला जुंपलं, स्वतः फळीवर चढला, खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढून सवयीप्रमाणे चघळल्या, टरफलं थुंकली. त्यातलं एक शिट्टीत थुंकलं गेलं.

त्यानं आणखी दोनदा फुंकली. मग शिट्टी आपटली, हलवली, करंगळीच्या नखानं कोरली. टरफल आणखी आत गेलं. तोवर गाडा मैदानाच्या शेवटच्या पांढऱ्या पट्टीपाशी आला होता.

“थांबा,” मर्ल म्हणाला.

पोरांनी वेग वाढवला.

यात पोरांची काही चूक नव्हती. तीन आठवडे मर्लनं त्यांना एकच धडा दिला होता : शिट्टी सोडून कशालाही थांबायचं नाही, आणि थांबल्यावर पुढची शिट्टी होईस्तोवर हलायचं नाही. पहिल्या आठवड्यात तो मध्येच “थांबा” म्हणायचा आणि जो थांबेल त्याला वीस वेळा जमिनीवर पडून उठायला लावायचा. दुसऱ्या आठवड्यात पोरं हुशार झाली, तेव्हा तो “आता खरंच थांबा” म्हणू लागला. तिसऱ्या आठवड्यात त्यानं छातीत कळ आल्याचं नाटक केलं. दोघं थांबले. त्यांना चाळीस.

“वेस्टन,” तो आता मधल्या पोराच्या हेल्मेटकडे वाकून म्हणाला. वेस्टन हा या पाचांचा म्होरक्या. “बाळा, शिट्टी बिघडलीय. हे बघ.”

“छान आहे हे, कोच,” वेस्टन धापा टाकत म्हणाला. “कालच्यापेक्षा चांगलंय.”

पट्टी मागे पडली. पुढे उतार होता, आणि गवतावर नुकतेच फवारे सोडलेले. गाड्यानं हुश्श केल्यासारखा आवाज केला आणि तो स्वतःच्या मर्जीनं घसरू लागला. अडचण अशी, की ढकलणाऱ्यांच्या माना खाली होत्या आणि मर्लचं तोंड त्यांच्याकडे होतं. म्हणजे सहा माणसं आणि एक गाडा जोरात कुठंतरी चालले होते आणि पुढे कुणीच बघत नव्हतं.

उडी मारायचा विचार मर्लनं केला. पण त्याच्या गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालं होतं. शिवाय तो उतरला की गाडा एकशे अठरा किलोनं हलका होणार, हे गणित त्यालाही जमलं.

आपण कुठं आलोय हे त्याला डाव्या बाजूनं बटाट्याच्या सॅलडचं भांडं मागे गेलं तेव्हा कळलं. लुथरन चर्चची हिरवळ. म्हातारे आर्लन फिंक गेले होते आणि दफनानंतरचं जेवण चाललं होतं. टेबलांच्या दोन रांगांच्या बरोबर मधून गाडा निघाला होता.

“पास्टर,” मर्ल हाका मारू लागला. “यांना थांबवा हो.”

आर्लन फिंक पन्नास वर्षांपूर्वी याच संघातून खेळले होते. पास्टर गहिवरले. शाळेनं एवढं लक्षात ठेवलं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. पुरुषांनी टोप्या काढल्या. मर्लनं पण काढली, कारण काढणं भाग होतं. श्रीमती फिंकनी डोळे पुसले आणि जाता जाता त्याच्या हातात हॅमचं सँडविच ठेवलं. दफनाच्या जेवणात नाही म्हणायची इकडे रीत नाही. मर्लनं आभार मानले आणि दुःखात सहभागी असल्याचं सांगितलं. वाक्य संपेस्तोवर गाडा पंचवीस पावलं पुढे गेला होता, त्यामुळे शेवट त्याला ओरडून सांगावा लागला.

“पास्टरलासुद्धा फितवलंय,” डावीकडचा पोरगा म्हणाला.

“रडणारी माणसं कुठून आणली असतील रे?” दुसरा म्हणाला.

“बोलू नका. ढकला,” वेस्टन म्हणाला.

चर्चनंतर बाग, बागेनंतर गावाचा पोहण्याचा तलाव. मर्लला हे पाठ होतं. त्याला हेही पाठ होतं, की गुरुवारी चारपर्यंत तिथे ज्येष्ठ महिलांचा पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग असतो आणि मिसेस ऑट्टे तो कधी चुकवत नाहीत. चारला सराव बघायला त्या तिथूनच निघणार होत्या. मर्ल त्यांना चार मिनिटं आधीच घरपोच भेटायला निघाला होता.

“पोरांनो,” तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज खरोखर फाटला. “माझी नोकरी जाईल रे.”

“हे नवीन आहे,” वेस्टन कौतुकानं म्हणाला.

गवत कापायचं यंत्र आत न्यायला तलावाचं मोठं फाटक उघडं ठेवलं होतं. गाडा आत शिरला. गवत संपून ओली फरशी लागली आणि लोखंडाचा असा करकराट झाला, की पाण्यातल्या चौदा बायकांनी हात वर केले. हात वर करणं व्यायामातही होतं, त्यामुळे ताल चुकला नाही.

उंच खुर्चीवर पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणारी हेडी बसली होती. वय सतरा, कामावर दुसरा महिना. तलावाच्या काठानं पळायला मनाई, असा फलक तिच्या डोक्यावर होता. तिनं शिट्टी ओठांना लावली आणि वाजवली.

पाचही पोरं जागच्या जागी थांबली. पाय रुतवून, गुडघे वाकवून, शिकवल्याबरहुकूम. गाडाही करकरत काठावर थांबला. मर्लला मात्र कुणी असं काही शिकवलं नव्हतं. तो पाठमोरा, टोपी आणि सँडविचसह, चौदा बायकांच्या मध्ये पडला.

वर आला तेव्हा समोर फुलाफुलांची रबरी टोपी घातलेल्या मिसेस ऑट्टे होत्या. सँडविच त्या दोघांच्या मधे तरंगत होतं.

“मर्ल,” त्या म्हणाल्या. “सराव मैदानावर असतो ना?”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मर्लनं टरफलापासून सगळं सांगितलं, आणि शेवटी सांगितलं, की उद्यापासून तो फक्त ड्रायव्हिंग शिकवेल, त्यांनी कागद तयार करावा.

मिसेस ऑट्टेंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. फाटकातून चर्चपर्यंत आणि चर्चपासून मैदानापर्यंत गवतात दोन सरळ रेघा उमटल्या होत्या. त्यांनी त्या शेवटपर्यंत बघितल्या.

“तिथून?” त्या म्हणाल्या. “तुला वर उभा करून?”

“हो.”

“मधे कुणीच थांबवलं नाही?”

“मी सारखा थांबवत होतो,” मर्ल म्हणाला. “थांबली नाहीत.”

गेल्या वर्षी ही पोरं दोन पावलं पुढे सरकली नव्हती, असं मिसेस ऑट्टे म्हणाल्या. कागद वगैरे काही नको, संघ तुझ्याकडेच राहू दे, आणि चर्चची हिरवळ मात्र तूच नीट करून दे. एवढं बोलून त्या व्यायामाला लागल्या.

मर्ल शिडी धरून बाहेर आला. पोरं अजून तशीच वाकून उभी होती, घाम फरशीवर टपकत होता. त्यानं ओल्या टोपीनं डोळे पुसले. तीन वर्षांत जे त्यानं कधी कुणाला म्हटलं नव्हतं, ते तो म्हणाला.

“पोरांनो, मला तुमचा अभिमान वाटतो. मनापासून. संपलं आजचं. जा घरी.”

वेस्टननं मान न उचलता डाव्या-उजव्या बाजूला कुजबुज केली.

“कुणी हलू नका रे. रडतोय बघा, आता तर अगदी खरं वाटतंय.”