पाणी हिरवं असल्याबाबत

नायगावच्या लोकमित्र जलतरण मंडळाच्या तलावाचं पाणी रोज सकाळी सव्वापाचला तपासलं जात असे. तपासणारे जयवंत घाडी, मंडळाचे जीवरक्षक, वय त्रेपन्न. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे पाच थेंब टाकायचे. पाणी फिकट पिवळं झालं तर क्लोरीन ठीक, गडद पिवळं झालं तर जास्त, आणि रंग आलाच नाही तर क्लोरीनच्या पिंपाकडे पळायचं. ही पद्धत एकोणीस वर्षं बिनतक्रार चालली. त्यावरूनच ती जुनाट झाल्याचं कार्यकारिणीच्या लक्षात आलं.

गणपती उठल्यावर ठराव झाला : ‘पाण्याच्या गुणवत्तेतील मानवी हस्तक्षेप शून्यावर आणावा.’ त्यानुसार यंत्र बसलं. ते दर पंधरा मिनिटांनी आपणच पाणी ओढून घेई, काचेच्या नळीत तेच थेंब टाकी, आरपार उजेड सोडून पिवळेपणा मोजी, कमी वाटलं तर क्लोरीन सोडी आणि निकाल सभासदांच्या मोबाइलवर धाडी. जयवंतच्या बाटल्या कपाटात जमा झाल्या. पिंपाला कुलूप लागलं. किल्ली सचिव मेघना राजाध्यक्ष यांच्याकडे गेली.

“मॅडम, पाणी मला बघून कळतं,” जयवंत म्हणाला.

“काका, तुम्हाला वाटतं. कळतं यंत्राला,” मेघना मॅडम प्रेमाने म्हणाल्या.

तीन आठवडे यंत्र चोख चाललं, हे नमूद करणं आवश्यक आहे. मग दसरा आला.

मंडळाचे अध्यक्ष नाना कापडगिरणीत चौतीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिलेले. दसऱ्याला साच्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय त्यांनी कधी बटण दाबलं नव्हतं. “नवीन मशीन आली आणि पूजा नाय? उद्या हात कापला कोणाचा तर?” असं म्हणत त्यांनी यंत्राचं दार उघडलं. हात कापण्यासारखं आत काही नव्हतं. मग त्यातल्या त्यात नाजूक आणि महत्त्वाची दिसणारी वस्तू म्हणून काचेच्या नळीवर त्यांनी पाच बोटं हळद ओढली. दाराला झेंडूचा हार घातला. फोटो निघाले.

पंधरा मिनिटांनी यंत्राने हळदीतून पाणी पाहिलं. ते इतकं पिवळं होतं की क्लोरीन सोडणं तात्काळ बंद झालं आणि सर्वांच्या मोबाइलवर निरोप गेला : ‘क्लोरीन मुबलक. पाणी अतिउत्तम.’ ग्रुपवर ब्याऐंशी जणांनी हात जोडले. नानांनी “बघितलं?” एवढंच लिहिलं.

ऑक्टोबरच्या उन्हात बिनक्लोरीनचं पाणी जे करतं ते या पाण्यानेही केलं. पाचव्या दिवशी ते हिरवट झालं, सहाव्या दिवशी हिरवं. जयवंतला तळाच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तशी त्याची झोप उडाली. एकोणीस वर्षांत त्याने एकवीस पोरं बाहेर काढली होती आणि त्यातल्या एकानेही हाक मारली नव्हती. बुडणारं पोर ओरडत नाही. ते तळाशी दिसतं. आता तळच दिसत नव्हता, आणि रविवारी आठ वर्षांखालच्या साठ मुलांची शर्यत होती.

त्याने आधी सभासदांना सांगून पाहिलं. रोजचे पोहणारे हितेंद्र मोकाशी नुकतेच पायऱ्या चढून वर आले होते. त्यांच्या पांढऱ्या मिशीत शेवाळाचा एक धागा अडकला होता.

“मोकाशीसाहेब, पाणी कसं वाटलं?”

“एक मिनिट,” म्हणत मोकाशींनी मोबाइल उघडला. “अतिउत्तम.”

“पण हिरवं नाही का दिसत?”

“तू ना जयवंत, निगेटिव्ह झालायस हल्ली. प्राणायाम कर.”

जयवंत सचिवांच्या खोलीत गेला. नानाही तिथेच चहा पीत बसले होते.

“मॅडम, त्या नळीवर हळद आहे. ती पुसू द्या, बस.”

“हात नका लावू! कंपनीशिवाय कुणी आतल्या भागाला हात लावला तर वॉरंटी जाते.”

“नानांनी लावलाच की!”

“ती पूजा होती,” मेघना मॅडम म्हणाल्या.

“आणि देवाला वाहिलेली हळद पुसायची नसते रे जयवंता,” नानांनी दुजोरा दिला. विज्ञान आणि धर्म यांचं मंडळाच्या इतिहासात प्रथमच एकमत झालं. कंपनीच्या माणसाची तारीख दिवाळीनंतरची होती.

“मग निदान तलाव बंद ठेवा. रविवारी एखादं पोर खाली गेलं तर मला दिसणार नाही. उडी मारू तरी कुठे?”

“काका, बंद कशाच्या आधारावर ठेवू? माझ्याकडे नोंद आहे अतिउत्तमची. तुमच्याकडे काय आहे?”

“डोळे आहेत ना!”

मेघना मॅडम विचारात पडल्या. त्या मनाच्या वाईट नव्हत्या. नियमात बसवता आलं तर कुणाचंही काम करायची त्यांची तयारी असे. “डोळे आहेत, पण ते प्रमाणित कुठे आहेत? यंत्राला कंपनीचा दाखला आहे. तुम्ही तुमच्या डोळ्यांचा आणा. मग माझी हरकत नाही.”

जयवंतने हात जोडले नाहीत की कपाळाला हात लावला नाही. रविवारला तीन दिवस उरले होते. तो दाखला आणायला गेला.

गुरुवारी दवाखान्यात नंबर लागला नाही. शुक्रवारी लागला, तर डोळे तपासायचं यंत्र बंद होतं. शनिवारी दुपारी यंत्र सुरू झालं. जयवंतने त्यावर हनुवटी टेकवली, आत बघितलं आणि खालून एक चिठ्ठी बाहेर पडली. डॉक्टरांनी ती वाचली, शिक्का मारला आणि मान वर न करता “पुढचा” म्हणाले.

संध्याकाळी पावणेसातला जयवंत धापा टाकत सचिवांच्या खोलीत शिरला. मेघना मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली. दृष्टी सामान्य. रंगज्ञान सामान्य.

“अरे बापरे!” त्या ताडकन उठल्या. “काका, म्हणजे पाणी हिरवं आहे!”

त्यांच्या पाठीमागेच खिडकी होती, आणि खिडकीखाली तलाव.

दहा मिनिटांत फाटकाला साखळी लागली. शर्यत पुढे ढकलली गेली. चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर पडताच पालकांचा संताप उसळला. इतकं हिरवं पाणी आणि जीवरक्षकाने आठवडाभर कुणाला सांगितलं नाही? मोकाशींनी तर जयवंतला फोनच केला : “अरे, दाखला होता तर आधी काढायचास ना!”

जयवंतने फोन खिशात टाकला. तो साखळीजवळ खुर्ची टाकून बसला आणि किती तरी दिवसांनी त्याने स्वस्थपणे चहा प्यायला.

चौकशी रीतसर झाली. यंत्र निर्दोष ठरलं, कारण समोर जे होतं ते त्याने प्रामाणिकपणे पिवळं पाहिलं होतं. हळद श्रद्धेने लावली असल्याने तीही सुटली. अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदात मात्र एक बाब विचारार्थ ठेवलेली आहे. पाणी हिरवं असण्याच्या त्या दिवसांत तीनशे अकरा सभासद तलावात उतरले. प्रत्येकाला दोन, असे सहाशे बावीस डोळे पाण्यापर्यंत पोहोचले होते. त्यांची तपासणी अद्याप व्हायची आहे. आपली झाली असल्यास चिठ्ठी जवळ बाळगावी. नसल्यास, वर वाचलेलं सगळं आपल्याला दिसलं याला तूर्त काही आधार नाही.