पदव्युत्तर गेट

भांडुपच्या नवचैतन्य सोसायटीने सर्वानुमते ठराव केला, की यापुढे गेटवर पदव्युत्तर वॉचमनच असावा. समोरच्या टॉवरने तसा ठेवला होता, आणि समोरच्या टॉवरच्या मागे राहणे सोसायटीला परवडणारे नव्हते.

सहदेव तिथे एकोणीस वर्षे वॉचमन. तो बी.ए. होता, पण हे त्याने कुणाला कळू दिले नव्हते. कळले असते तर अख्ख्या बिल्डिंगने त्याच्याकडून अर्ज लिहून घेतले असते. आता सांगणे भाग पडले.

“दोन वर्षांत डिग्री आण, नाहीतर गेट सोड,” सेक्रेटरी नंदकुमार म्हणाला. “माझा नाइलाज आहे रे. ठराव झालाय.”

“ठराव मांडला कोणी, साहेब?”

“मीच.”

घरी बायको प्रेमा हिने कपाळावर हात मारला. “एकोणीस वर्सां गेट उघडतास, आता तांच शिकाक कॉलेजात जातलास?”

गेला बापडा. मरोळला एका कारखान्याच्या माळ्यावर प्रवेशद्वार व्यवस्थापनाचे पदव्युत्तर महाविद्यालय होते. त्याच्या स्वतःच्या गेटवर वॉचमन नव्हता; पात्र उमेदवार अद्याप मिळाला नव्हता. पहिल्या सत्रात गेटचा इतिहास, दुसऱ्यात सलामाचा तौलनिक अभ्यास, तिसऱ्यात शिट्टी, लेखी. प्रत्यक्ष गेट चौथ्या सत्रात आले, तेही पडद्यावर. शिकवणाऱ्या प्रांजल मॅडमनी एकदा त्याला हळूच विचारले, “काका, कडी आतून असते की बाहेरून?” त्याने सांगितले. मॅडमनी लिहून घेतले आणि पुढच्या तासाला त्यालाच शिकवले.

लेखीत तो पहिला आला. राहिले प्रात्यक्षिक, तेही त्याच्याच गेटवर. परीक्षक डॉ. मार्तंड गाडीतून आले. नोंदीशिवाय कुणालाही सोडू नये, असे पुस्तकात होते, म्हणून सहदेवने गाडी अडवली.

“मला ओळखत नाहीस?” डॉक्टर म्हणाले. शेरा पडला: माणसे ओळखता येत नाहीत. नापास.

दुसऱ्या खेपेला त्याने त्यांना ओळखून गेट सताड उघडले. शेरा: नियमांची जाण नाही. नापास.

तिसरी संधी शेवटची होती. या वयात सहदेवला दुसरे गेट कोण देणार? त्या दिवशी त्याने पुस्तक घरीच ठेवले आणि इतकी वर्षे करत आला तेच केले. गेट उघडले, कडक सलाम ठोकला आणि रजिस्टर अदबीने गाडीच्या खिडकीत धरले.

“साहेब, तुमची काय नोंद घ्यायची? पण आमच्या रजिस्टरला तेवढीच शोभा. काय वाटेल ते लिहा.”

डॉक्टर खुलले. नाव: एक रेघोटी. फ्लॅट: वर. काम: पर्सनल. मोबाइल नंबर: नऊ आकडी. सहदेवने ते वाचले, पुन्हा सलाम केला, आणि विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाला.

ती डिग्री आता गेटवर चौकटीत लावली आहे. खाली रजिस्टर असते. त्या बाजूला गेलात तर जरूर चाळा. डॉक्टरांच्या खाली तीन ओळी सोडून तुमची ओळ आहे. तुम्ही मित्राकडे आला होतात, घाईत होतात. सहदेवने तुम्हालाही सलाम केला होता. नंबर तुमचाही नऊच आकडी आहे.